कातडीला चिकटलेले जळके कापड आणि जखमेचे भरून येणे

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला, तर जखम किती खोल जाणार हे ज्वाळेइतकेच कापडाच्या जातीवरही अवलंबून असते. सुती कापड भराभर पेटते, पण ते वितळत नाही. त्याचा कोळसा आणि राख होते. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात, आणि तो चिकट रस त्वचेवर थिजेपर्यंत आपली उष्णता तिच्यात सोडत राहतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात सुती धागा वितळलेल्या पॉलिएस्टरला वातीसारखा धरून ठेवतो, म्हणून ते जोमाने जळते.

आग विझल्यावर प्रश्न उरतो तो अवशेषांचा. वरवरची भाजलेली जखम केसांच्या मुळांशी आणि घर्मग्रंथींत वाचलेल्या पेशींमधून नवी त्वचा तयार होऊन बहुधा दोन ते तीन आठवड्यांत भरते. या पेशी जखमेच्या तळावरून सरकत एकमेकींना येऊन मिळतात. वाटेत प्लास्टिकचा थर किंवा कोळशाचे कण असले, तर त्यांची वाट अडते. शरीराच्या भक्षक पेशी हे कण गिळू पाहतात, परंतु पॉलिएस्टर त्यांना पचत नाही, त्यामुळे दाह लांबतो आणि मृत ऊतींच्या आडोशाला जिवाणूंनाही जागा मिळते. भरण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला की जाड, उंचावलेला व्रण राहण्याची शक्यता वाढते.

मग ते कापड तिथल्या तिथे ओढून काढावे का? मुळीच नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. चिकटलेल्या तुकड्याबरोबर त्याखालची वाचलेली त्वचाही सोलून निघते, आणि जखम भरायची असते ती तिच्याच जोरावर. सुटे कपडे, बांगड्या, अंगठ्या काढाव्यात, चिकटलेल्या भागाभोवतीचे कापड कात्रीने कापावे आणि वीस मिनिटे नळाचे गार, पण बर्फाळ नव्हे असे, वाहते पाणी सोडावे; त्याने वितळलेला थरही निवतो. हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावल्यास डॉक्टरांना साफ करावा लागणारा आणखी एक थर तेवढा वाढतो.

अवशेष काढण्याचे काम रुग्णालयात, वेदनाशामक किंवा भूल देऊन होते. ते लवकर व्हावे, कारण काजळीचे बारीक कण आंतरत्वचेत राहून वर नवी त्वचा आली, तर गोंदणासारखे निळसर-काळे डाग कायमचे उरतात, आणि पुढे ते घालवण्यासाठी लेझरचा आधार घ्यावा लागतो.