'प्लॅगरिझम किती आला?'

विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत पीएच.डी.चा प्रबंध बांधून घ्यायला आलेल्या मुलांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'आठ आला', असं उत्तर येतं, रक्तातली साखर सांगावी तसं. म्हणजे प्रबंधातला आठ टक्के मजकूर इतरांच्या लिखाणाशी जुळतो, असं उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं. कुणाचं काय घेतलं हे सांगण्याची गोष्ट टक्क्यांवर आली, त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

2002 साली कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंच्या नावावरचा एक निबंध स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या निबंधावरून उतरवल्याचं उघड झालं. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी थेट राष्ट्रपती कलामांना पत्र लिहिलं. चौकशी झाली, कुलगुरू पायउतार झाले. विद्यार्थ्यांसाठी मात्र ठोस नियम यायला आणखी बराच काळ गेला.

2009 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षी प्राध्यापकांच्या बढतीसाठी 'एपीआय'चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आले. मग निबंधांचा पूर येणारच! त्याच 2009 च्या नियमांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे पाठवायची तरतूद होती. मार्गदर्शकाच्या कपाटात धूळ खाणारे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहावर आले आणि पहिल्यांदाच कुणालाही ताडून पाहता येऊ लागले. 2016 मध्ये उचलेगिरी न केल्याचं विद्यार्थ्याचं हमीपत्र नि मार्गदर्शकाचा दाखला सक्तीचा झाला, आणि 2018 मध्ये आजची टक्केवारी आली.

दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. साठपर्यंत गेलं तर वर्षभर तो पुन्हा सादर करता येत नाही आणि त्यापुढे थेट नोंदणीच रद्द. रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्द हे सगळं यातून वगळलेलं आहे. नियम तसा समंजस आहे. पण विद्यार्थी नियम वाचत नाही, आकडा बघतो. तो खाली आणायला अवतरणचिन्हं काढतो, 'म्हणाले'चं 'प्रतिपादन केले' करतो, आणि सरळ दिलेलं प्रामाणिक अवतरण अर्धवट उचलेगिरी होऊन बसतं.

मराठी प्रबंधांचं तर और आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर कागदावर देवनागरी दिसतो, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचा कचरा असतो. शब्द जुळवणारं सॉफ्टवेअर तिथे काय जुळवणार? इंग्रजी पुस्तकातलं पानच्या पान मराठीत उतरवलं तरी ते आकड्याला धक्का न लावता निसटू शकतं.

याहून बारीक चोरी तळटीपेत असते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाचा पहिला खंड 1898 चा. त्यातलं पानिपतकाळातलं एखादं पत्र संशोधकाला भेटतं ते कुणा तिसऱ्याच्या पुस्तकात. अशा वेळी 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहायला हवं. लिहिलं जातं राजवाडे, खंड पहिला, पृष्ठ क्रमांक, आणि पुढच्या टिपेत ऐटीत 'कित्ता', म्हणजे वरचाच संदर्भ. यंत्राच्या लेखी हे स्वच्छच. पकडतो तो मूळ खंड उघडून बघणारा परीक्षक, कारण तिसऱ्याच्या पुस्तकात चुकून छापलेला पृष्ठक्रमांक इथेही तसाच उतरलेला असतो.