सुरक्षा अधिकाऱ्यांची मासिक बैठक आणि प्रशिक्षण : नाव नोंदवण्याआधी वाचा

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण, जालना, लातूर किंवा नांदेडजवळ कृष्णूरला ज्यांचा कारखाना किंवा गोदाम आहे, अशा मालकांसाठी आणि त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी हे पत्रक काढलं आहे. आम्ही गार्ड पुरवत नाही आणि कॅमेरेही विकत नाही. ते पुरवणारे भरपूर आहेत, त्यांच्याकडून आम्हाला कमिशनही मिळत नाही. पहिला प्रश्न हमखास तोच येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं. आमची कामं दोनच : वेगवेगळ्या कंपन्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना महिन्यातून एकदा एकत्र बसवायचं, आणि त्यांना व त्यांच्या सुपरवायझरना मराठीतून शिकवायचं.

एकत्र कशाला बसवायचं?

मालकांना भेटायला मासिआ आहे, सीएमआयए आहे, अशा उद्योजकांच्या संघटना आहेत. एचआरवाले एकमेकांना फोन करून पगारवाढीचा अंदाज घेतात. प्रॉडक्शनच्या माणसाचा कॉलेजमित्र शेजारच्याच प्लॉटवर कामाला असतो. सुरक्षा अधिकाऱ्याला असं कोणी नसतं. तो बहुधा फौजेतून किंवा पोलिसातून निवृत्त झालेला असतो, त्याच्या हुद्द्याचा दुसरा माणूस कंपनीत नसतो. सगळे त्याला 'मेजर' म्हणतात, मग तो हवालदार म्हणून का निवृत्त झालेला असेना. झडती कडक केली की युनियन नाराज, सैल सोडली की मालक नाराज. रात्रपाळीचा गार्ड आला नाही तर एजन्सी 'साहेब, बघतो' म्हणते आणि दिवसपाळीच्याच माणसाला डबल ड्युटीला उभं करते.

या माणसाला पाच-सात वर्षांत जे कळलेलं असतं ते त्याच्या रजिस्टरमध्येच राहतं. एका गेटवर भंगाराच्या गाडीतून जी चलाखी झाली, तीच पुढच्या महिन्यात दोन गल्ल्या सोडून होते, कारण पहिल्या कंपनीने बोभाटा नको म्हणून तोंड बंद ठेवलेलं असतं. चोरांचं आपसात चांगलं बोलणं असतं, पहारेकऱ्यांचं नसतं, असं चाललंय.

9 ऑगस्ट 2018 चा महाराष्ट्र बंद वाळूजमधल्या जुन्या लोकांना आठवत असेल. जमाव वसाहतीत शिरला आणि अनेक कंपन्यांची तोडफोड झाली. अशा दिवशी पुढच्या चौकात काय चाललंय ते दहा मिनिटं आधी कळलं तर बरंच करता येतं. बाहेर उभे असलेले ट्रक आत घेता येतात, कामगारांच्या बसेस मागच्या रस्त्याने वळवता येतात, रिसेप्शनवरच्या मुलींना आतल्या इमारतीत हलवता येतं, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करता येतो. ही बातमी टीव्हीवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. ती चौकातल्या कंपनीच्या गेटवरूनच यायला हवी. आणि तिथला माणूस तुम्हाला फोन तेव्हाच करतो, जेव्हा त्याने तुमच्यासोबत कधीतरी चहा घेतलेला असतो.

बैठक कशी चालते

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता, दर वेळी वेगळ्या सभासदाच्या कंपनीत. पहिला अर्धा तास यजमान सगळ्यांना फिरवतो : गेट, वजनकाटा, कंपाउंडची भिंत, भंगाराचं यार्ड, डिझेलची टाकी. रोज पाहणाऱ्याला जे दिसेनासं झालेलं असतं ते पाहुण्याला लगेच दिसतं. भिंतीला टेकून रचलेले लाकडी पॅलेट ही जवळपास सगळ्या कंपन्यांत सापडणारी गोष्ट आहे. आतल्या माणसाला तो कचरा वाटतो, बाहेरून आलेल्याला जिना दिसतो.

मग घडलेलं सांगायचं. आपल्या किंवा दुसऱ्याच्या कंपनीचं नाव घ्यायचं नाही, मोबाइल बाहेर टोपलीत, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. एजन्सीच्या आणि कॅमेऱ्यांच्या सेल्समनला प्रवेश नाही. एकमेकांचे चांगले गार्ड फोडायचे नाहीत. या शेवटच्या नियमावर आम्ही फार कडक आहोत, कारण तो मोडला की विश्वास संपला. अधूनमधून पोलिस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना किंवा अग्निशमन दलाच्या माणसाला बोलावतो, पण भाषणाला नाही, प्रश्नांची उत्तरं द्यायला. हार-शाल-श्रीफळ आम्ही ठेवत नाही. त्यात अर्धा तास जातो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि फॉरवर्ड बंद. संदेश पाठवताना चार गोष्टी हव्यात : काय, कुठे, किती वाजता, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं. 'ऐकलं' असं लिहिलेल्या संदेशावर कोणी शिफ्ट सोडायची नाही, आधी फोन करून खात्री करायची. अफवेने जेवढे कारखाने बंद पडतात तेवढे दगडांनी पडत नाहीत. आणि पोलिसांना कळवायचं ते 112 वरच. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही.

प्रशिक्षणात काय असतं

सुरुवात वजनकाट्यापासून. मॅनेजमेंटच्या पुस्तकात हा विषय शेवटी येतो, पण आमच्याकडच्या कंपन्यांचा पैसा तिथूनच जास्त गळतो.

भंगार न्यायला ट्रक येतो. रिकाम्या ट्रकचं वजन होतं, आत माल भरतो, बाहेर जाताना पुन्हा वजन होतं. फरक तेवढा माल. हिशेब सोपा, म्हणून कोणी लक्ष देत नाही. आता समजा, ट्रक आत येताना त्यावर 200 लिटरचं पिंप पाण्याने काठोकाठ भरलेलं आहे. रिकाम्या गाडीच्या वजनात ते 200 किलो धरले गेले. यार्डात गेल्यावर पिंप ओतलं. बाहेर जाताना त्याच्या जागी 200 किलो माल आहे, पण कागदावर तो नाही. तांब्याचं भंगार असेल तर हिशेब तुम्हीच करा. पाण्याऐवजी केबिनमध्ये बसलेले दोन हेल्पर चालतात, जादा स्टेपनी चालते, ताडपत्रीखाली ठेवलेले दगड चालतात. हेल्पर येताना काट्यावर बसतात आणि जाताना मागच्या गेटने चालत जातात.

यावर उपाय शिकवायला आम्ही वर्गात बसत नाही. काट्यावर खराखुरा ट्रक उभा करतो आणि सुपरवायझरला म्हणतो, शोध. चाक प्लॅटफॉर्मच्या पुरतं आत आहे का? केबिन रिकामी आहे का? डिझेलच्या टाकीची पातळी येताना किती, जाताना किती? याच गाडीचं गेल्या वेळचं रिकामं वजन किती होतं? हा शेवटचा प्रश्न विचारायची सवय लागली तरी अर्धं काम झालं. दर गाडीच्या नंबरसमोर मागची वजनं लिहिलेली एक साधी वही काट्यावर हवी. सॉफ्टवेअरमध्ये ती असते, पण रात्री अडीच वाजता ती कोणी उघडत नाही.

जालन्याच्या सभासदांसाठी याच धड्याचा दुसरा भाग आहे. तिथे भंगार बाहेर जाण्यापेक्षा आत येणं जास्त. वितळवायच्या भट्टीत बंद तोंडाचा सिलिंडर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा ओला माल गेला तर स्फोट होतो आणि वितळलेलं लोखंड माणसांवर उडतं. हे काम सुरक्षेचं की सेफ्टी ऑफिसरचं, असा वाद कंपन्यांत चालू असतो. आमचं मत स्पष्ट आहे : गाडी पहिल्यांदा ज्याच्यासमोर थांबते त्याला काय शोधायचं ते माहीत हवं. निर्णय सेफ्टीवाल्याने घ्यावा, पण गाडी गार्डने अडवावी.

त्यानंतर कायदा. गार्डच्या हातून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पकडलेल्या माणसाला कोंडून ठेवणं आणि मारणं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, आपल्या समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. पण त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. गार्डचा अधिकार यापेक्षा जास्त नाही, गणवेशाने तो वाढत नाही. संशयावरून पकडणं यात बसत नाही. 'साहेब सकाळी येतील, तोवर स्टोअरमध्ये बसव' हे वाक्य ज्या कंपनीत चालतं तिथे चोराऐवजी मेजरवरच गुन्हा दाखल व्हायची वेळ येऊ शकते. शिवाय बाईची झडती बाईनेच घ्यायची. महिला गार्ड शिफ्टवर नसेल तर झडती नाही, मग पर्स कितीही जड दिसो.

कॅमेऱ्यांबद्दल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेज कोर्टात द्यायचं तर ठरलेल्या नमुन्यात दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा) द्यावं लागतं. म्हणजे मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून दिलेला तुकडा पुरत नाही. पण त्याआधीची अडचण फार साधी असते : डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ वीस मिनिटं मागे असतं, किंवा पंधरा दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं आणि चोरी विसाव्या दिवशी लक्षात येते. दर सोमवारी घड्याळ मोबाइलशी जुळवून वहीत सही करायची, हे आम्ही पहिल्याच दिवशी लावून देतो.

आगीचा भाग आम्ही वगळू देत नाही, 'आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर आहे' असं कोणी सांगितलं तरीही. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्या सहा कामगारांचा जीव गेला. रात्री दोन वाजता आपल्या आवारात नेमकी किती माणसं आहेत, त्यातली झोपलेली किती आणि ती कुठे, हे गेटवर लिहिलेलं असलंच पाहिजे. परराज्यातले कामगार ठेकेदाराच्या सोयीने शेडमध्येच राहतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, रजिस्टरमध्ये मात्र ते नसतं. त्यांना झोपू देणंच चूक आहे, पण ते झोपलेत हे गार्डला माहीत नसणं ही त्याहून मोठी चूक. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं 'ब' प्रपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. फाइलमध्ये प्रपत्र असतं आणि होज रीलचा (आग विझवायच्या गुंडाळलेल्या पाइपचा) नॉझल भंगारात गेलेला असतो, म्हणून आम्ही पाणी सोडून बघतो.

काही गोष्टी आम्ही देत नाही

गार्डचं सक्तीचं प्रशिक्षण आमच्याकडे होत नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, 2005 खालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत त्यासाठी 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, किमान 20 कामाच्या दिवसांत, असं ठरवून दिलं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना 40 आणि 16 तास. ते एजन्सीने करायचं. आमच्या शिबिराचा कागद त्या जागी चालत नाही, पण एजन्सीकडून नेमके कोणते कागद मागायचे ते आम्ही शिकवतो. उदाहरणार्थ, पंधरा गार्डमागे किमान एक सुपरवायझर हवा हे त्याच नियमांत आहे, आणि बिल तपासताना हे फारसं कोणी बघत नाही. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षक मंडळाचा 1981 चा वेगळा कायदाही आहे. तुमचे गार्ड मंडळाचे आहेत की त्या कायद्यातून सूट मिळालेल्या एजन्सीचे, हे मालकाला ठाऊक असायलाच हवं.

मोठ्या प्रमाणपत्रांबद्दल तरुण अधिकारी विचारतात. एएसआयएस इंटरनॅशनल ही 1955 साली अमेरिकेत सुरू झालेली सुरक्षा व्यावसायिकांची संस्था, तिचं सीपीपी (सर्टिफाइड प्रोटेक्शन प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र 1977 पासून आहे आणि मोठ्या कंपन्यांत त्याला वजन आहे. अनुभवाची अट आहे, परीक्षा मराठीत नाही, फी डॉलरमध्ये. ज्याला पुण्या-मुंबईला किंवा ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीतल्या बहुराष्ट्रीय कंपनीत जायचंय त्याने जरूर करावं, अभ्यासाला सोबती आम्ही जोडून देतो. पण रोलिंग मिलच्या गेटवरच्या पन्नाशीतल्या मेजरने आधी प्रथमोपचार, आग आणि वर लिहिलेली दोन कलमं पक्की करावीत असं आम्ही सांगतो. त्यातून आमचं नुकसान होतं, कारण प्रमाणपत्राच्या क्लासला फी जास्त घेता येते.

वेळापत्रक

दर तिमाहीला दोन दिवसांचं शिबिर. साखर कारखान्यांसाठी ते गळीत हंगाम संपल्यावर ठेवतो. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सोडून कोणी येऊ शकत नाही आणि आम्हीही बोलावत नाही. सोयाबीनच्या दिवसांत लातूरची बैठक एक महिना पुढे ढकलतो. एप्रिल-मेमध्ये मैदानावरचे तास सकाळी साडेसहाला सुरू होऊन नऊला संपतात. जाता जाता एक विनंती : तुमच्या गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी दोन वाजता स्वतः पंधरा मिनिटं बसून बघा. पंखा आणि माठ यांचा खर्च आमच्या फीपेक्षा कमी आहे.

फीचा तक्ता सोबत वेगळ्या कागदावर आहे. कंपनी सभासद होते, माणूस नाही. अधिकारी बदलला तर नव्याने पैसे भरावे लागत नाहीत. पहिल्या बैठकीला फी नाही, बसून बघा आणि मग ठरवा. येताना अधिकाऱ्याने गेट रजिस्टरच्या गेल्या एका आठवड्याची झेरॉक्स आणावी, त्यावरची कंपनीची आणि माणसांची नावं खोडून. मालकांनी स्वतः यायचं असेल तर आधी कळवावं, कारण साहेब समोर बसले की मेजर बोलत नाहीत. मालकांसाठी वर्षातून एकदा वेगळी बैठक ठेवतो.