किमान वेतनवाढीचे परिणाम : सिन्नरच्या बिडीपासून द्राक्षबागांपर्यंतची पार्श्वभूमी

किमान वेतनाचे दर वाढवण्याची चर्चा सुरू झाली की नाशिक जिल्ह्यात दोन ठरलेले सूर ऐकू येतात. सातपूर-अंबडच्या लघुउद्योजकांपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत अनेकांचे म्हणणे असते की मजुरी वाढली म्हणजे माणसे कमी घ्यावी लागतात, यंत्रे आणावी लागतात आणि नुकसान अखेर मजुराचेच होते. कामगार संघटना याला उत्तर देतात की मजुराच्या हाती आलेला जादा पैसा गावातल्याच दुकानात, शाळेत आणि दवाखान्यात खर्च होतो, त्यामुळे बाजारपेठ वाढते. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेतनवाढीचा परिणाम वाढीच्या आकड्यापेक्षा काम कोणत्या रूपात दिले जाते यावर अधिक अवलंबून राहिलेला दिसतो. काम रोजावर आहे, नगावर आहे, उक्ते (ठरावीक रकमेत पूर्ण काम) आहे की ठेकेदारामार्फत आहे, मालक कोण हे कागदावर स्पष्ट आहे का, आणि ते काम उचलून दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या राज्यात नेता येते का, या प्रश्नांची उत्तरे नाशिकमधल्या प्रत्येक धंद्यात वेगळी आहेत.

या कायद्यांचा उगमही अशाच प्रश्नातून झाला. न्यूझीलंडने १८९४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १८९६ मध्ये वेतन ठरवणारी यंत्रणा उभी केली. ब्रिटनचा १९०९ चा कायदा सुरुवातीला चारच धंद्यांना लागू होता : साखळ्या घडवणे, लेस, कागदी खोकी आणि तयार कपड्यांची शिलाई. या धंद्यांत घरी बसून नगावर काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांची संघटना नव्हती, मालकाशी घासाघीस करण्याची ताकद नव्हती आणि घर सोडून दूर कामाला जाण्याची सोयही नव्हती. कापड गिरण्या किंवा खाणींतल्या संघटित कामगारांसाठी हा कायदा आणलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२८ मध्ये केलेल्या ठरावातही हाच दृष्टिकोन होता : जिथे सामुदायिक वाटाघाटीची सोय नाही आणि मजुरी अपवादात्मक कमी आहे, तिथे सरकारने दर ठरवावा.

भारतात १९२९ मध्ये कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात हा विषय मांडला, पण विधेयक मांडले जायला एप्रिल १९४६ उजाडला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा यांमुळे नाशिक जिल्हा त्यांना जवळून ओळखतो, मात्र भूमिहीन मजुराच्या मजुरीला कायद्याचा आधार मिळावा यासाठीचे त्यांचे हे काम इथेही पुरेसे सांगितले जात नाही. किमान वेतन अधिनियम १५ मार्च १९४८ रोजी लागू झाला. त्याच्या अनुसूचीच्या, म्हणजे कायदा लागू असलेल्या धंद्यांच्या यादीच्या, पहिल्या भागात तेलघाण्या, भात व डाळीच्या गिरण्या, खडी फोडणे, रस्ते बांधणी, कातडी कमावणे यांच्याबरोबर बिडीसह तंबाखूचा धंदा होता आणि दुसऱ्या भागात शेती होती. म्हणजे सिन्नरची बिडी कामगार स्त्री आणि शेतावरचा मजूर या दोघांनाही हा कायदा पहिल्या दिवसापासून उद्देशून होता.

दर कोणत्या निकषावर ठरवायचा हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने स्पष्ट केले. कमावत्या माणसामागे तीन उपभोग एकके (म्हणजे तीन प्रौढ माणसांइतकी गरज), प्रौढ माणसाला रोज २,७०० उष्मांकांचा आहार, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के असा तो हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरण्यास सांगितले. त्याआधी १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारीच होय, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला होता. किमान वेतन देणे मालकाला परवडते की नाही हा मुद्दा कायद्यात गैरलागू आहे, ही भूमिकाही न्यायालयांनी पन्नास-साठच्या दशकांतच घेतली होती. परवडण्याचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या दारातून बाहेर गेला, पण अर्थव्यवहारातून गेला नाही.

बिडीच्या धंद्यात हे सर्वांत ठळकपणे दिसले. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणग्रस्त, शेती बेभरवशाची, आणि घरातल्या बाईला गाव सोडून जाणे कठीण, अशा परिस्थितीत बिडी वळण्याचे काम शेकडो घरांचा आधार बनले. या कामाला यंत्र लागत नाही. सूप, कात्री, तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा एवढ्यावर ते चालते, आणि पाने व तंबाखू दोन्ही हलकी असल्याने कुठेही नेता येतात. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. त्यामुळे कायद्याने हजारी दर वाढवला तरी मालकाकडे त्यातून सुटण्याचे मार्ग उरतात. आठवड्यातून कमी दिवस पाने द्यायची, दिलेली पाने हजार बिड्यांना पुरणार नाहीत इतकी मोजायची, वळलेल्या बिड्यांपैकी जास्त बिड्या खराब ठरवून बाजूला काढायच्या. कागदावर दर वाढलेला असतो आणि आठवड्याच्या शेवटी हातात येणारी रक्कम जवळपास तेवढीच राहते. वेतनवाढीने ‘रोजगार घटला’ किंवा ‘घटला नाही’ असे मोजणाऱ्या अभ्यासात ही घट दिसत नाही, कारण ती बाई नोंदीप्रमाणे कामावरच असते.

मालक कोण, हा दुसरा अडसर. महाराष्ट्रातल्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, हवे तेव्हा येणारा, हवे तेव्हा जाणारा आणि नगावर मजुरी घेणारा बिडी वळणारा हा कारखाना अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ नाही. त्या प्रकरणात प्रश्न होता अवघ्या काही दिवसांच्या भरपगारी रजेचा, पण निकालाने संपूर्ण धंद्यातील कामगारांच्या दर्जाविषयी प्रश्न उभा केला. संसदेने १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही, तिला माल ठेकेदाराने दिला असला तरी, कामगार मानले. माझ्या मते भारतातील वेतनविषयक कायद्यांत हा बदल दरांच्या कोणत्याही अधिसूचनेपेक्षा मोलाचा होता, कारण त्याने प्रथमच दराला एक जबाबदार माणूस जोडून दिला.

त्याची किंमतही लगेच दिसली. केरळने १९६८ मध्ये हा कायदा अमलात आणल्यावर मंगळूरच्या बिडी व्यवसायाने कन्नूर भागातील काम बंद करून ते शेजारच्या राज्यात हलवले आणि सुमारे १२,००० कामगार बेकार झाले. त्यातूनच १९६९ मध्ये केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे अनेक वर्षे तिने चांगले वेतन व सवलती देऊन धंदा करून दाखवला. या एका घटनेत दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे ठरते. एका राज्यात दर वाढवून शेजारी तो न वाढवल्यास सुटे काम सीमा ओलांडते, आणि मालकी कामगारांच्या हाती असल्यास तेच वेतन परवडतेही. राष्ट्रीय पातळीवर किमान पायाभूत वेतनाची, म्हणजे कोणत्याही राज्याने ज्याखाली जाऊ नये अशा दराची, मागणी पुढे का आली, हे यातून समजते. केंद्राने १९९६ मध्ये दिवसाला ३५ रुपयांचे असे वेतन सुचवले होते, २०१७ मध्ये ते १७६ रुपये झाले, पण त्याला कायद्याचे बंधन नव्हते. डॉ. अनूप सत्पथी यांच्या समितीने २०१९ मध्ये, जुलै २०१८ च्या किमतींनुसार, दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली होती.

महाराष्ट्राचा स्वतःचा सर्वांत बोलका धडा मात्र रोजगार हमी योजनेतून मिळतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. पेठ, सुरगाण्यासारख्या तालुक्यांत, जिथे खरिपानंतर काम उरत नाही, तिथे अशा हक्काचे मोल वेगळे सांगायला नको. रोहयोची मजुरी शेतीच्या किमान वेतनाशी जोडलेली होती, आणि १९८८ च्या मध्यास ते वेतन जवळपास दुप्पट करण्यात आले. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्यानंतर योजनेवरील रोजगार घटला. मजुरांची गरज संपली म्हणून ही घट झाली नव्हती. वाढलेल्या मजुरीइतका पैसा उपलब्ध नव्हता, त्यामुळे मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळणे थांबले. ज्याला काम मिळाले त्याचा फायदा झाला, ज्याला नाकारले गेले त्याची हमी कागदावर राहिली. वेतनवाढीसोबत तिचा खर्च कोण उचलणार हे ठरवले नाही तर काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या राज्यात नाही. तरीही यातून वाढच नको होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. चूक निधी न वाढवण्यात होती.

अर्थशास्त्रातला वाद याच सुमारास पुन्हा पेटला. वेतन बाजारभावापेक्षा वर नेले तर रोजगार घटतो, ही १९४६ मधील जॉर्ज स्टिगलर यांची मांडणी दीर्घकाळ प्रमाण मानली जात होती. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की श्रम विकत घेणारा एकच असेल तर तो मजुरी श्रमाच्या खऱ्या मोलापेक्षा खाली ठेवू शकतो, आणि अशा ठिकाणी कायद्याने दर वाढवूनही रोजगार टिकतो किंवा वाढतोही. अमेरिकेतील न्यूजर्सीने १ एप्रिल १९९२ रोजी ताशी किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील फास्ट फूडची उपाहारगृहे ताडून पाहिली. त्यांना न्यूजर्सीत रोजगार घटलेला आढळला नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेतनपत्रकांच्या आधारे या निष्कर्षावर हरकत घेतली आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. जर्मनीने २०१५ मध्ये ताशी ८.५० युरो किमान वेतन लागू केल्यावर अनेक कामगार लहान, कमी पगाराच्या आस्थापनांतून मोठ्या आणि अधिक उत्पादक आस्थापनांत गेले, असेही संशोधकांना आढळले. सिन्नरच्या घरबसल्या बाईला रॉबिन्सन यांचे चित्र नेमके लागू पडते. मात्र जर्मनीतल्याप्रमाणे दुसरीकडे जाण्याची वाट तिला नसते, म्हणून परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

नाशिकला जवळचे उदाहरण द्राक्षांचेच आहे. दक्षिण आफ्रिकेत वेस्टर्न केपमधील डी डॉर्न्स या द्राक्षपट्ट्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये शेतमजुरांचा मोठा संप झाला आणि १ मार्च २०१३ पासून शेतीचे किमान दैनिक वेतन ६९ रँडवरून १०५ रँड झाले. त्याआधी २००३ मध्ये तिथे शेतीसाठी पहिल्यांदा किमान वेतन आले होते, तेव्हाच्या अभ्यासात मजुरी व लेखी करार असणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे, पण शेतीतील नोकऱ्या लक्षणीय घटल्याचे आढळले होते. निर्यातीचा भाव युरोपातील सुपरमार्केट ठरवणार आणि मजुरीचा दर सरकार ठरवणार, अशा कैचीत शेतकरी सापडला की तो कायम मजूर कमी करून ठेकेदाराच्या टोळीवर येतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या बागायतदाराला ही कैची ओळखीची आहे. बाग दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), काढणी यांतले कोणतेही काम आठवडाभर पुढे ढकलता येत नाही. त्या दिवसांत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्यांचा बाजारातला रोज पुष्कळदा कायद्याच्या दरापेक्षा वर असतो आणि काम एकराच्या हिशेबाने उक्ते दिले जाते. म्हणून हंगामात कायदेशीर वाढीचा थेट परिणाम थोडा असतो. तो जाणवायला हवा पावसाळ्याआधीच्या रिकाम्या दिवसांत आणि उक्त्या कामात बाईच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शात, आणि नेमकी तिथेच तपासणी पोहोचत नाही. मालेगावच्या यंत्रमागांवर कापडाच्या लांबीवर आणि सातपूर-अंबडमध्ये ठेकेदारामार्फत दिल्या जाणाऱ्या कामातही अडचण हीच आहे.

वाढ आणि महागाईची भरपाई यांत गल्लत होते, हेही इथे नोंदवायला हवे. महाराष्ट्रात मूळ दरावर ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तो वाढल्याने मजुराची खरेदीशक्ती फक्त टिकते. मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा असे १९४८ चा कायदा सांगत होता, पण ती मुदत अनेकदा उलटून जाते आणि मग एकदम मोठी उडी घ्यावी लागते. उद्योजकांना खरा त्रास या उडीचा होतो. दरवर्षी थोडी आणि आधीच जाहीर केलेली वाढ मालाच्या भावात सामावून घेता येते. हा खर्च साखळीत कोणी सोसायचा हे ठरलेले नसले की काय होते, ते लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत हमाली, तोलाई आणि वाराई ही माल हाताळण्या-तोलण्याची मजुरी शेतकऱ्याने द्यायची की व्यापाऱ्याने, यावरून कांद्याचे लिलाव बंद पडले तेव्हा सर्वांनी पाहिले आहे.

वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. तिने अनुसूचीची अट काढून सर्व रोजगारांना किमान वेतन लागू केले, केंद्राच्या पायाभूत वेतनाला कायद्याचे बळ दिले, वेळेवरच्या आणि नगावरच्या दोन्ही कामांसाठी दर ठरवण्याची तरतूद ठेवली, आणि ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ती जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर टाकली. केरळच्या बिडीचा सीमा ओलांडण्याचा प्रश्न पायाभूत वेतनाने काही अंशी सुटू शकतो, पण ते वेतन १९५७ च्या निकषांपासून फार खाली ठरवले गेले नाही तरच. दिंडोरीच्या बागेत उक्ते काम घेणाऱ्या टोळीतील प्रत्येक मजुराचे नाव, दिवस आणि मजुरी कोणत्या नोंदवहीत आणि कोणी लिहायची, हे मात्र राज्याचे नियम आणि तालुक्यापर्यंत पोहोचणारी तपासणी यांवरच ठरेल.