टमाटर पिवळं पडलं: नत्र कमी की लोह?

आमच्याकडची जुनी माणसं टमाटराला अजून भेदरं म्हणतात. त्याचं पान पिवळं दिसलं की घरातून एकच सल्ला येतो, "युरिया टाक." युरियातून मिळतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. पण नेहमी भूक नत्राचीच असते असं नाही.

वावरात गेलात की आधी बघा, पिवळेपणा खालून वर चढतोय की शेंड्यापासून सुरू झालाय? खालची जुनी पानं शिरांसकट फिकट पडत असतील आणि झाड खुरटलं असेल, तर नत्र कमी आहे. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं. लोहाचं तसं नाही. ते जिथं गेलं तिथंच राहतं, म्हणून त्याची टंचाई कोवळ्या पानांवर दिसते. असं पान तोडून उन्हाकडे धरा: पिवळ्या पानात हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसते.

आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडी आणि चढा सामू (मातीचा पीएच) असला की मुळांना ते उचलता येत नाही. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, तर हे जास्तच जाणवतं. त्यात पाणी साचलं की मुळं गुदमरतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या बांधाकडच्या दोन ओळींचे शेंडे असेच पिवळे झाले. मी युरिया दिला. खालची पानं गडद झाली, शेंडा मात्र तसाच. मग चर काढून पाणी बाहेर काढलं, वाफसा आल्यावर, म्हणजे माती नुसती ओलसर उरल्यावर, लोह फवारलं, तेव्हा कुठे नवी पानं हिरवी फुटली.

नत्रासाठी 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम युरिया, संध्याकाळी फवारा. फुलोऱ्यात हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं तर झाड पाल्यावर जातं. लोहासाठी तेवढ्याच पाण्यात 75 ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस. चुनखडीच्या मातीत नुसतं फेरस सल्फेट मुळाशी टाकू नका, ते तिथंच अडकतं. मुळाशी द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेटेड लोह घ्या, ते चुनखडीत तसं अडकत नाही.

पिवळ्या पानावर गोल वलयांचे तपकिरी डाग असतील तर तो करपा, त्याला खताचा उपयोग नाही.

आणि फेरस सल्फेटचं पाणी त्याच दिवशी संपवा. ठेवलं की तांबूस पडतं, मग ते पानाला लागू पडत नाही.