लिफ्ट, पंप आणि वदतोव्याघात

हिंदमाताजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे एक काका दर वार्षिक सभेत सांगतात की, आपण लिफ्ट वापरत नाही, तेव्हा तिच्या दुरुस्तीचा खर्च आपल्याकडून घेऊ नये. ज्याचा वापर, त्याचा खर्च. यंदा पावसाचे पाणी त्यांच्या घरात शिरले, तेव्हा ते उपसायला पंप बसवावा आणि इमारत सगळ्यांची असल्यामुळे खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, असा ठराव त्यांनीच मांडला. सभा हसली.

आपल्याच बोलण्याने आपलेच बोलणे खोडले जाणे, म्हणजे वदतोव्याघात, हा दोष आपल्याकडे जुनाच ओळखीचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वाद यांवरच्या प्राचीन ग्रंथात, वादात हार ठरवणारी 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान) आणि तिचा हेतू (त्यासाठी दिलेले कारण) यांचाच एकमेकांशी विरोध असणे, हे त्यांपैकी एक.

विसंगतीचा एवढा बाऊ कशासाठी? समजा, ‘लिफ्ट चालू आहे’ आणि ‘लिफ्ट चालू नाही’ ही दोन्ही विधाने आपण खरी मानली. पहिले खरे, म्हणून ‘लिफ्ट चालू आहे किंवा चौपाटीवर बर्फ पडतो’ हेही खरे, कारण ‘किंवा’ने जोडलेल्या दोहोंपैकी एक खरे असले की पुरते. पण दुसरे विधान म्हणते की लिफ्ट चालू नाही. मग उरतो तो चौपाटीवरचा बर्फच. बर्फाच्या जागी काहीही घातले तरी तेही असेच सिद्ध होते, आणि जिथे सगळेच सिद्ध होते तिथे पुराव्याला काही काम उरत नाही. (याला आळा घालणारी तर्कशास्त्रे विसाव्या शतकात रचली गेली, पण नेहमीचे गणित जुन्याच नियमावर चालते.)

गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विसंगती दाखवण्याचेच हत्यार वापरले. जड वस्तू अधिक वेगाने पडते असे मानले, तर जड दगडाला बांधलेला हलका दगड त्याला मागे खेचील आणि जोडी सावकाश पडेल. पण जोडीचे वजन जड दगडाहून जास्त, म्हणजे ती अधिक वेगाने पडायला हवी. एकही दगड न टाकता गृहीतक अडचणीत आले.

मात्र विसंगती दाखवल्याने दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत एवढेच कळते. त्यांतले खोटे कोणते, ते कळत नाही. आमच्या सेक्रेटरींनी विचारले, “काका, लिफ्ट आणि पंप यांत फरक काय, तेवढा सांगा.” काका जरा थांबून म्हणाले, “लिफ्ट बंद पडली तर तुमचे गुडघे दुखतील. पाणी इमारतीच्या पायात मुरले तर सगळी इमारत खचेल.” मला हे पटले, कारण ‘ज्याचा वापर’ सोडून ते ‘ज्याला धोका’ या नियमावर आले होते, आणि जुने सोडून नवे धरणे ही विसंगती नव्हे. चौथ्या मजल्यावरचे सभासद मात्र लिफ्ट असो वा पंप, वापरणाऱ्यानेच पैसे द्यावेत, यावर शेवटपर्यंत ठाम राहिले. त्यांच्या म्हणण्यात विसंगती औषधालाही नव्हती. फक्त भिजणारा पाया चौथ्या मजल्याचाही आहे, हे त्यांनी हिशेबात धरले नव्हते.