टीव्ही मालिकेची स्पेक स्क्रिप्ट : कॉपीराइट नोंदणीचा अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि नेहमीच्या चुका

कोणी मागणी केलेली नसताना, करार झालेला नसताना आणि मानधनाचे आश्वासनही नसताना लेखक आपणहून जी पटकथा लिहितो, तिला दूरचित्रवाणीच्या व्यवसायात स्पेक स्क्रिप्ट म्हणतात. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. स्वतःच्या कल्पनेतील नव्या मालिकेचा पहिला भाग, म्हणजे पायलट, ही एक. आणि सध्या सुरू असलेल्या दुसऱ्या कोणाच्या मालिकेचा, तिचीच पात्रे घेऊन लिहिलेला नमुना भाग, ही दुसरी. पुण्यातील नवोदित लेखकांच्या अर्जांत माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या दोहोंतील फरक लक्षात न घेण्यात आहे.

कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही; कल्पना कागदावर शब्दरूपाने उतरली की लेखकाचा हक्क निर्माण होतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यासाठी आहे, कारण कलम 48 नुसार कॉपीराइट रजिस्टरमधील नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. शिवाजीनगरच्या न्यायालयाबाहेर पटकथेच्या पानांवर नोटरीचा शिक्का मारून घेणे, किंवा स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाकीट पाठवून ते न फोडता कपाटात ठेवणे, हे उपाय अजूनही सुचवले जातात. त्यातून फार तर तारीख दाखवता येते; कायद्याने नोंदणीला दिलेला दर्जा त्यांना नाही. कॉपीराइट कार्यालय नवी दिल्लीत द्वारका येथे असले, तरी अर्ज ऑनलाइन होत असल्याने त्यासाठी पुण्याबाहेर जावे लागत नाही.

अर्ज लेखक स्वतः करू शकतो, किंवा ज्याच्याकडे लेखी कराराने हक्क आले आहेत ती व्यक्ती वा संस्था करू शकते. अप्रकाशित पटकथेच्या बाबतीत लेखक ती लिहिताना भारताचा नागरिक किंवा भारताचा अधिवासी असला पाहिजे. पटकथा छापून आलेली किंवा चित्रित झालेली असण्याची अट नाही.

कागदपत्रे थोडी आहेत. नमुना 14 (फॉर्म XIV) मधील अर्ज, त्यासोबतचे तपशीलपत्रक आणि अधिक तपशीलपत्रक, अर्जदाराची सही, पटकथेची प्रत आणि साहित्य-नाट्य प्रकारातील प्रत्येक कृतीसाठी 500 रुपये शुल्क, एवढे मूलतः लागते. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचे ना-हरकत पत्र लागते आणि वकिलामार्फत अर्ज करायचा असेल तर मुखत्यारपत्र लागते. दोघांनी मिळून लिहिलेल्या पटकथेचा अर्ज एकाच्याच नावाने भरणे ही फार वेळा होणारी चूक आहे. सहलेखकाचे नाव लेखक म्हणून आले पाहिजे आणि त्याची लेखी संमतीही घेतली पाहिजे, मैत्री कितीही जुनी असली तरी. एका अर्जात एकच कृती नोंदवता येते, त्यामुळे पायलट आणि मालिकेचे बायबल (पात्रे, पार्श्वभूमी आणि पुढील कथानक यांचा आराखडा) वेगवेगळ्या कृती म्हणून नोंदवायचे असल्यास अर्ज आणि शुल्कही वेगवेगळे.

खरी अडचण अधिक तपशीलपत्रकात येते. कृती मूळ आहे की भाषांतर अथवा रूपांतर आहे, आणि ज्या कृतीवरून ती घेतली तिचा कॉपीराइट अद्याप चालू आहे का, असे तेथे विचारलेले असते. उत्तर होकारार्थी असेल तर मूळ कृतीचे नाव, भाषा, तिच्या लेखकाचा तपशील आणि मिळालेल्या परवानगीचा तपशीलही द्यावा लागतो. स्वतःच्या पायलटसाठी हे रकाने सरळ आहेत. दुसऱ्याच्या मालिकेचा नमुना भाग लिहिणाऱ्याकडे मात्र परवानगी नसते, आणि येथेच काही जण ‘मूळ कृती’ असे लिहून मोकळे होतात. रूपांतराचा हक्क कलम 14 नुसार मूळ कृतीच्या हक्कधारकाचा आहे, आणि रजिस्टरमध्ये खोटी नोंद करवून घेणे हा कलम 67 खाली गुन्हा आहे. शिवाय, कृतीत ज्यांचा हितसंबंध आहे अशा प्रत्येकाला अर्जाची सूचना देणे नियमांनी अर्जदारावर बंधनकारक केले आहे. म्हणजे नमुना भागाच्या लेखकाला ज्या वाहिनीत काम मागायचे, तिलाच आधी नोटीस धाडावी लागेल. नमुना भाग लेखनकौशल्य दाखवण्यापुरता वापरावा आणि नोंदणी स्वतःच्या पायलटची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शुल्क भरल्यावर डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा ओळख क्रमांक, मिळतो. त्यानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते आणि मग अर्जाची छाननी होते. त्रुटी आढळल्यास कार्यालय पत्र पाठवते. अर्जात दिलेला ईमेल न पाहिल्यामुळे मुदत टळल्याची उदाहरणे आहेत, म्हणून रोजच्या वापरातलाच पत्ता द्यावा.

नोंदणीसाठी दोन पानांची वनलाइन, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, पाठवून संपूर्ण मालिका सुरक्षित झाली असे समजणे ही आणखी एक चूक. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले, की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो. संरक्षण मिळते ते मांडणीला. एकत्र कुटुंबातील वाड्याच्या वाटणीचे भांडण ही कल्पना कोणाचीच नाही. त्या वाड्यातील माणसे, प्रसंगांचा क्रम आणि संवाद जितके तपशिलाने लिहिलेले असतील, तितका नोंदणीला अर्थ आहे.

लेखनातल्या चुकांविषयीही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण काही अमेरिकी स्टुडिओंच्या लेखक-प्रशिक्षण उपक्रमांत प्रवेशासाठी नमुना भाग मागण्याची पद्धत राहिली आहे. नमुना भागात मुख्य पात्राचे लग्न, मृत्यू किंवा गावांतर घडवू नये. भाग संपताना मालिका जिथे होती तिथेच राहिली पाहिजे. नवे पाहुणे पात्र आणून त्यालाच सगळे चांगले संवाद देणे हा दुसरा मोह. बंद पडलेली मालिका निवडू नये. आपल्याकडील दैनंदिन मालिकांचे ट्रॅक (कथेचे धागे) काही आठवड्यांत बदलतात आणि कथा, पटकथा, संवाद यांची कामे अनेकदा वेगवेगळ्या लेखकांकडे असतात, त्यामुळे मराठीत नमुना भागापेक्षा नेमक्या संवादांचे दोन-तीन सीन अधिक उपयोगी पडतात.

पानांचा हिशेबही तपासावा. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हा संकेत ‘कुरिअर’ या इंग्रजी फॉन्टमधील 12 पॉइंटच्या अक्षरांवर आधारलेला आहे. देवनागरीत तो तसाच लागू पडत नाही, म्हणून संवाद मोठ्याने वाचून वेळ मोजलेली बरी. श्रीलिपीसारख्या पुण्यातच घडलेल्या सॉफ्टवेअरमधील जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तशीच पाठवली, तर दुसऱ्याच्या संगणकावर ती निरर्थक चिन्हांची रांग दिसू शकते. ती पीडीएफ करून, उघडून पाहूनच जोडावी.

मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांच्या पटकथांची ऑनलाइन नोंद करते. ही संघटनेकडील नोंद आहे, सरकारी नोंदणी नव्हे; दोन्ही केल्या तर बिघडत नाही. अमेरिकेतील रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका वेस्ट या लेखक-संघटनेकडील नोंदणीही सभासद नसलेल्यांना खुली आहे, परंतु ती पाच वर्षांपुरती असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते.

निर्मितीसंस्थेने पटकथा घेतल्यास हक्कांचे हस्तांतर लेखीच झाले पाहिजे. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 नुसार ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. मालिकेचे नाव करारानंतर हमखास बदलते. तसे झाल्यास रजिस्टरमधील तपशील बदलण्यासाठी नमुना 15 मध्ये स्वतंत्र अर्ज करावा लागतो.