बोट पोहोचण्याआधी सरकलेलं बटण

‘पुढे जा’ दिसलं, अंगठा निघाला, आणि तेवढ्यात वरून एक जाहिरात टपकली. सगळा मजकूर धाडकन खाली गेला आणि अंगठा पडला तो नेमका जाहिरातीवर. आता नवीन टॅब उघडणार, तो बंद करायचा, मागे यायचं, पान पुन्हा लोड होईपर्यंत थांबायचं. आपण पुटपुटतो, ‘माझंच बोट जाड.’

बोटाचा यात काडीचाही दोष नाही. डोळ्यांना बदल दिसणं आणि हाताने त्यावर काही करणं, यात माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. अंगठा काचेच्या इतका जवळ आलेला असताना बटण हललं, तर ते हललंय हे कळेपर्यंत अंगठा टेकलेला असतो. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही, तशातली गत.

बटण हलतं ते बहुतेकदा कोड लिहिणाऱ्याच्या आळसामुळे. ब्राउझर मजकूर आधी मांडतो, चित्रं मागाहून येतात. चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलेली असेल तर तेवढी जागा आधीच राखून ठेवली जाते. दिलेली नसेल तर चित्र आल्यावर खालच्या सगळ्यांना ढकलून ते घुसतं. जाहिराती तर दुसऱ्याच सर्व्हरवरून, आणखी उशिरा येतात. गूगलने २०२० मध्ये या सरकासरकीचं मोजमाप सगळ्यांसमोर ठेवलं. हललेल्या भागाने आधी आणि नंतर मिळून पडद्याचा किती हिस्सा व्यापला, गुणिले तो किती सरकला. वरचा अर्धा पडदा भरणारा मजकूर पडद्याच्या एक-पंचमांश उंचीइतका खाली गेला, तर व्यापलेला हिस्सा ०.५ अधिक ०.२, म्हणजे ०.७, आणि ०.७ गुणिले ०.२ म्हणजे ०.१४. चांगल्या पानाची मर्यादा ०.१ आहे. एवढ्याशा धक्क्यातच ती ओलांडली जाते.

दुसरा त्रास याच्या उलट, काहीच न हलण्याचा. ‘पैसे भरा’ दाबलं आणि पान ढिम्म. रॉबर्ट मिलर या संशोधकाने १९६८ मध्येच, पडदे अजून दुर्मीळ होते तेव्हा, माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवघेवीला ‘संभाषण’ म्हटलं आणि उत्तराला किती उशीर चालेल याचा हिशेब मांडला. पुढे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी तो तीन आकड्यांत लोकप्रिय केला. ०.१ सेकंदात काही घडलं तर ते आपणच केल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. १० सेकंदांनंतर मन दुसरीकडे जातं. पैशांच्या बाबतीत मात्र मन कुठेही जात नाही. ते घाबरतं आणि बटण पुन्हा दाबतं. नीट बांधलेल्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती ओळखून बाजूला ठेवतो. पण दाबणाऱ्याला हे कुठून कळणार? ‘थांबा, व्यवहार सुरू आहे’ एवढं वाक्य दाखवलं असतं तरी भागलं असतं.

संभाषण हा शब्द मला फार नेमका वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की लोक संगणकाशी नकळत माणसासारखं वागतात. ‘माझं काम कसं वाटलं?’ असं त्याच संगणकाने विचारलं, तर लोकांनी दुसऱ्या संगणकावर दिलेल्या उत्तरांपेक्षा बरं मत दिलं. तोंडावर कशाला वाईट बोला! तीच माणसं भिडेखातर चांगलं बोलतात आणि उद्धटपणा लक्षातही ठेवतात. कंपनीचा कोणी माणूस आपल्यासमोर नसतो, पान असतं. मग पानाचा स्वभाव तोच कंपनीचा स्वभाव, असं मन ठरवून टाकतं.

मध्यंतरी एका सेवेसाठी मी लांबलचक अर्ज भरत होतो. फोन नंबर वाचायला सोपा जावा म्हणून मध्ये एक मोकळी जागा सोडली. ‘माहिती अवैध’ असा लाल शेरा आला. कोणती माहिती, ते नाही. मागे गेलो तर सगळे रकाने रिकामे. ती मोकळी जागा काढून टाकायला कोडची एक ओळ पुरते! झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कॉपी-पेस्ट रुजवणाऱ्यांपैकी एक, लॅरी टेस्लर, म्हणत की कामातला किचकटपणा नाहीसा होत नाही, तो कोणीतरी अंगावर घ्यावा लागतो. प्रश्न फक्त कोणी, कोड लिहिणाऱ्याने की वापरणाऱ्याने. त्या अर्जात ‘ईमेल पुन्हा लिहा’ या रकान्यात पेस्ट करायलाही बंदी होती. बिचारे टेस्लर.

त्यात भर म्हणजे जाहिरात बंद करायची ती मोहरीएवढी फुली. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये लोकांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोकदार कांडी टेकवायला लावून मोजलं होतं, की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका वेळ जास्त. इतकं जुनं गणित माहीत असूनही फुली एवढीच का? कधी निष्काळजीपणा असतो, कधी चक्क डाव. अशा डावांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. पाहुण्याला मात्र दोन्ही फुल्या सारख्याच दिसतात.

तो अर्ज मी तिसऱ्या खेपेला पूर्ण केला. शेवटच्या पानावर ‘मला ऑफर पाठवा’ या चौकटीत टिक आधीच केलेली होती. कदाचित कुणाच्या हातून राहून गेली असेल. पण नंबरातली एक मोकळी जागा न चालणाऱ्या पानाने ती केली होती, म्हणून मी ती मुद्दाम केलेलीच धरली.